नॅटली झेमॉन डेव्हिस यांची पुस्तकं आणि सोळाव्या शतकातला फ्रान्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेव्हिसबाई कोण, आणि त्यांचं नाव एवढं का घेतलं जातं?

नॅटली झेमॉन डेव्हिस या अमेरिकी इतिहासकार. जन्म 1928 चा, डेट्रॉइटच्या एका ज्यू कुटुंबातला. टोरांटो, बर्कली आणि प्रिन्स्टन इथे त्यांनी शिकवलं, 1987 मध्ये अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनच्या अध्यक्ष झाल्या, 2010 मध्ये नॉर्वेचं होल्बर्ग पारितोषिक मिळालं. ऑक्टोबर 2023 मध्ये टोरांटोला त्या वारल्या. ही झाली बायोडेटातली माहिती.

नाव घेतलं जातं ते वेगळ्याच कारणासाठी. ज्यांना धड सही करता येत नव्हती अशा माणसांचाही इतिहास लिहिता येतो, हे त्यांनी करून दाखवलं. सोळाव्या शतकातले फ्रान्समधले छापखान्यातले कामगार, शेतकरी, बाजारात बसणाऱ्या बायका यांनी स्वतःविषयी फारसं काही लिहून ठेवलेलं नाही. त्यांच्याविषयी लिहिलं ते कारकुनाने, न्यायाधीशाने, पाद्र्याने. डेव्हिसबाई हे परक्या हातचे कागद वाचतात, आणि कागद जिथे संपतो तिथे 'कदाचित' असं उघड लिहून पुढे जातात. हा 'कदाचित' कुठे कुठे येतो यावर नजर ठेवून वाचलं की त्यांची पुस्तकं नीट उलगडतात. त्यांच्या लिखाणातली सगळ्यात प्रामाणिक जागा ती आहे, आणि भांडणाची जागाही तीच.

सुरुवात कुठल्या पुस्तकाने करावी?

'द रिटर्न ऑफ मार्टिन गेर', 1983. छोटेखानी पुस्तक आहे, दोन-तीन बैठकांत संपतं. इंग्रजी सोपं आहे. ते आवडलं तर 'सोसायटी अँड कल्चर इन अर्ली मॉडर्न फ्रान्स' हा 1975 चा आठ निबंधांचा संग्रह घ्या. तो सलग वाचायची गरज नाही. आधी दंगलींवरचा निबंध वाचा, मग तरुणांच्या टवाळखोरीवरचा. 'फिक्शन इन द आर्काइव्ह्ज' तिसरं. उलट क्रमाने गेलात तर पहिल्या पन्नास पानांतच दम लागेल.

मार्टिन गेरची गोष्ट नेमकी काय आहे?

पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी, फ्वा परगण्यात, आर्तिगा नावाचं गाव आहे. गेर मंडळी मूळची तिथली नव्हेत. 1527 मध्ये ते बास्क मुलखातून, समुद्रकाठच्या आंदाई गावाहून येऊन इथे स्थायिक झाले. 1538 मध्ये मार्टिनचं लग्न बेर्त्रांद द रोल्सशी झालं. दोघंही पोरसवदा. पुढची आठ वर्षं संसार नावालाच, कुणीतरी करणी केली असं घरच्यांनी धरलं. मग एक मुलगा झाला. 1548 मध्ये मार्टिनवर बापाच्याच कोठारातलं थोडं धान्य चोरल्याचा आळ आला आणि तो बायको, पोर, जमीन सगळं टाकून निघून गेला.

आठ वर्षांनी, 1556 मध्ये, एक माणूस आला आणि म्हणाला, मीच मार्टिन. त्याला गावातल्यांची नावं माहीत, जुन्या आठवणी तोंडपाठ. बहिणींनी ओळखला, बायकोनेही घरात घेतला. तीनेक वर्षं संसार झाला, दोन मुली झाल्या, त्यातली एक जगली. बिनसलं ते पैशावरून. मार्टिन नसताना त्याची इस्टेट चुलता पिएर सांभाळत होता. नव्या मार्टिनने त्याच्याकडे त्या वर्षांचा हिशेब मागितला, आणि चुलत्याला एकाएकी साक्षात्कार झाला की हा आपला पुतण्या नव्हेच. या पिएरने दरम्यान बेर्त्रांदच्या विधवा आईशी लग्न केलेलं होतं, त्यामुळे भांडण एकाच घरात पेटलं.

1560 मध्ये खटला उभा राहिला, आधी रिय्यूच्या कोर्टात. तिथे 150 जणांना साक्षीला बोलावलं. काही म्हणाले हाच मार्टिन, काही म्हणाले हा तर साजासचा आर्नो द्यू तील, ज्याला सगळे 'पान्सेत' म्हणतात. साठांहून अधिक जणांनी सरळ हात वर केले, आम्हाला सांगता येत नाही म्हणाले. गावच्या मोच्याची साक्ष मात्र बघण्यासारखी आहे. मार्टिनच्या पायाचं माप 12 होतं, या माणसाचं 9 आहे, असं तो म्हणाला. माणूस आठ वर्षांत जाड होईल, दाढी वाढवेल, पण त्याचं पाऊल लहान कसं होईल? कुणी म्हणालं, बास्क बापाच्या पोराला बास्क भाषेचे दोन शब्द येऊ नयेत?

रिय्यूला दोषी ठरला, पण त्याने तुलूझच्या वरिष्ठ न्यायालयात अपील केलं. तिथे झां द कोरास हे विद्वान न्यायाधीश त्याच्या बाजूला झुकत चालले होते. निकाल लागणार तोच कोर्टात लाकडी पाय लावलेला एक माणूस आला. खरा मार्टिन. स्पेनच्या बाजूने लढताना 1557 मध्ये सँ-काँतांच्या लढाईत त्याचा पाय गेला होता. 12 सप्टेंबर 1560 ला शिक्षा सुनावली गेली आणि चार दिवसांनी आर्नोला आर्तिगात, गेर यांच्या घरासमोरच, फाशी दिलं. मरण्याआधी त्याने गुन्हा कबूल केला.

बेर्त्रांदला माहीत होतं का?

खरा प्रश्न हाच आहे, आणि पुस्तक गाजलं तेही यावरूनच.

कोर्टाने तिला निर्दोष मानलं. बाईमाणूस, फसली, असा एकंदर सूर. तिची मुलगी औरस ठरवली आणि आर्नोची मालमत्ता त्या मुलीला दिली. डेव्हिसबाईंना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं असं की बेर्त्रांदला फार लवकर कळलं असणार, आणि कळूनही तिने हा संसार पत्करला. नवरा परागंदा झालेल्या बाईची अवस्था ना सवाष्ण ना विधवा अशी होती. दुसरं लग्न करायला मेल्याचा पुरावा हवा. अशात एक बरा, बोलका, तिच्याशी नीट वागणारा माणूस घरात आला. दोघांनी मिळून हे लग्न उभं केलं, असं त्या सुचवतात. दोघांच्या राजीखुशीवर लग्न वैध धरण्याची परंपरा तेव्हा चर्चमध्ये होती, त्याला आळा बसला तो 1563 मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेत. शिवाय त्या भागात नवा प्रॉटेस्टंट विचार शिरत होता. पाद्र्याच्या मध्यस्थीविना थेट देवाला जाब देणारा हा पंथ या जोडप्याला जवळचा वाटला असेल का? इथे डेव्हिसबाईंचा 'कदाचित' सगळ्यात ताणला जातो.

1988 मध्ये रॉबर्ट फिन्ले या इतिहासकाराने 'अमेरिकन हिस्टॉरिकल रिव्ह्यू'मध्ये यावर खरमरीत टीका केली. न्यायाधीश कोरासचा या खटल्यावरचा ग्रंथ आणि त्या वेळचं दुसरं लिखाण बेर्त्रांदला फसवलेली बाई म्हणून दाखवतं, मग ही हुशार, संगनमत करणारी नायिका तुम्ही आणली कुठून, असा त्याचा सवाल होता. त्याच अंकात डेव्हिसबाईंनी सविस्तर उत्तर दिलं. त्यांचा मुद्दा असा की पुरुष न्यायाधीशाने लिहिलेला कागद जसाच्या तसा घेतला तर गावातल्या बाईला डावपेच असू शकतात हेच आपण नाकारतो.

माझं मत विचाराल तर फिन्लेचा एक मुद्दा खोडून निघत नाही. साक्षींचे मूळ कागद आज हाती नाहीत, त्यामुळे बेर्त्रांदच्या मनात काय होतं याचा थेट पुरावा कुणाकडेच नाही. तरीही डेव्हिसबाईंची बेर्त्रांद मला जास्त पटते. तीन वर्षं एका छताखाली राहून बाईला नवरा ओळखू येत नाही, हे कोर्टाला सोयीचं होतं. खुद्द खऱ्या मार्टिनलाही ते पटलं नाही. बहिणी नि चुलता फसले हे त्याने ऐकून घेतलं, पण बायकोला माफी नाही, असं तो भर कोर्टात म्हणाला. मजा म्हणजे त्याला सोडून गेल्याचा जाब विचारायला हवा होता, तर तोच जाब विचारत होता.

मग हा इतिहास की कादंबरी?

इतिहासच. पण लेखिकेने प्रस्तावनेतच सांगून टाकलंय की यात काही भाग तिच्या कल्पनेचा आहे, मात्र त्या कल्पनेला भूतकाळातल्या आवाजांनी लगाम घातलेला आहे. त्यासाठी त्या जिल्ह्यांच्या दफ्तरखान्यांत बसल्या, जमिनीचे करार, मृत्युपत्रं, वाटण्या काढल्या. आर्तिगात विधवेला काय मिळायचं, बास्क कुटुंबात वडिलोपार्जित जमीन विकता यायची का, हे त्या कागदावरून सांगतात. मनातलं बोलतात तेव्हा वाक्याची क्रियापदं बदलतात. मागच्या टिपा चाळत वाचा, कुठल्या विधानाखाली दस्तऐवज आहे आणि कुठल्याखाली नाही ते लगेच दिसतं.

सदाशिवरावभाऊंच्या तोतयाची आठवण येते. तुलना करावी का?

येणारच. पानिपतानंतर भाऊ जिवंत असल्याच्या वावड्या, मग उभा राहिलेला तोतया, त्याच्यामागे जमलेली माणसं, आणि 1776 मध्ये त्याला मिळालेला देहदंड हे सगळं मराठी वाचकाला पाठ आहे. न. चिं. केळकरांनी त्यावर नाटकही लिहिलं. पण तिथे दावा होता तो पेशवाईच्या सत्तेवर, त्यामुळे साक्षी देणारे सरदार कुणाच्या बाजूचे हे आधी बघावं लागतं. आर्तिगातलं भांडण काही एकर जमिनीचं आणि एका कुटुंबाचं. मात्र डेव्हिसबाईंचं पुस्तक वाचून झाल्यावर पार्वतीबाईंविषयीची कथनं पुन्हा वाचावीत. त्या काय मानत होत्या हे आपण कुणाच्या लेखणीतून ऐकतो, हा प्रश्न तिथेही लागू पडतो.

नुसता सिनेमा पाहिला तर चालेल?

पाहा जरूर. 1982 चा फ्रेंच चित्रपट आहे, दिग्दर्शक दानिएल व्हिन्य, आर्नोच्या भूमिकेत जेरार देपार्दियू, बेर्त्रांद झालेली नाताली बे. पटकथेत झां-क्लोद कारिएर होते, पीटर ब्रुक यांच्या 'महाभारता'चं नाट्यरूपांतर केलं तेच. डेव्हिसबाई या चित्रपटाच्या सल्लागार होत्या आणि पुस्तक त्यातूनच पुढे आलं. नट भूमिका कशी शोधतो हे बघताना त्यांना नवे प्रश्न सुचले, पण सिनेमात काही गोष्टी गळाल्या याची रुखरुखही लागली: गेर कुटुंबाचं बास्क मूळ, खेड्यातला प्रॉटेस्टंट विचार, बेर्त्रांदचा दुहेरी डाव, न्यायाधीशाच्या मनातली ओढाताण. म्हणून सिनेमा पाहून पुस्तक टाळू नये. हॉलीवूडने 1993 मध्ये 'सॉमर्सबी' नावाने हीच गोष्ट अमेरिकी यादवी युद्धानंतरच्या काळात नेली. ती सोडून दिलीत तरी चालेल.

न्यायाधीश कोरास यांचं पुढे काय झालं?

त्यांनी या खटल्यावर ग्रंथ लिहिला, तो 1561 मध्ये ल्यों शहरात छापला गेला आणि चांगला खपला. आज ही गोष्ट आपल्याला तपशिलात माहीत आहे ती मुख्यतः त्यामुळे. स्वतः कोरास प्रॉटेस्टंट झाले. 1572 मध्ये पॅरिसमध्ये प्रॉटेस्टंटांची कत्तल झाली, तिचं लोण तुलूझला पोहोचलं, आणि ऑक्टोबरात जमावाने त्यांना मारलं. त्या काळचा फ्रेंच निबंधकार मॉन्तेन याने आपल्या एका निबंधात या खटल्याचा उल्लेख करून म्हटलंय की फाशीचा निकाल फारच धाडसाचा वाटला. जुन्या अथेन्सच्या न्यायाधीशांनी गुंता सुटेना तेव्हा पक्षकारांना शंभर वर्षांनी यायला सांगितलं होतं, तसं करायला हवं होतं.

पासपोर्ट जप्त झाल्याचं प्रकरण काय आहे?

मॅकार्थीच्या काळातलं, म्हणजे अमेरिकेत कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लोकांचा पिच्छा पुरवला जात होता तेव्हाचं. डेव्हिसबाई आणि त्यांचे पती, गणितज्ञ चँडलर डेव्हिस, डाव्या विचारांचे. 1952 मध्ये अमेरिकी संसदेच्या 'अन-अमेरिकन अ‍ॅक्टिव्हिटीज' समितीविरुद्ध एक पुस्तिका निघाली, तिच्या लेखनात नॅटलीबाईंचा हात होता. पुढे दोघांचे पासपोर्ट सरकारने काढून घेतले. चँडलर यांनी समितीपुढे उत्तरं द्यायला नकार दिला, मिशिगन विद्यापीठातली नोकरी गेली, 1960 मध्ये त्यांना तुरुंगातही जावं लागलं.

प्रबंधाचा विषय ल्योंचे छपाई कामगार, आणि ल्योंला जायची सोय नाही. पदरात तीन मुलं. तेव्हा त्यांनी अमेरिकेतल्या ग्रंथालयांत जपलेली सोळाव्या शतकातली छापील पुस्तकं धुंडाळली. कामगारांविषयी दफ्तरात नाही तर त्यांनीच छापलेल्या पानांत काय सापडतं ते पाहिलं: अर्पणपत्रिका, प्रस्तावना, समासातल्या खुणा. 1959 मध्ये डॉक्टरेट मिळाली. पुस्तकाकडे वस्तू म्हणून बघायची जी सवय त्यांच्या पुढच्या लिखाणात दिसते, ती या अडचणीतून लागली.

ल्योंच्या छापखान्यांत असं काय होतं?

संघटना होती. 'ग्रिफारें' नावाची कामगारांची गुप्त मंडळी, शपथा घेऊन आत घेतलेली. 1539 मध्ये त्यांनी मोठा संप केला. मालकांनी जेवणात हात आखडता घेतला आणि फुकटात राबणारे शिकाऊ उमेदवार भरमसाट भरले, ही तक्रार. त्याच साली राजाने कामगारांच्या अशा मंडळींवर बंदी घातली. 1551 मध्ये हेच कामगार फ्रेंच भाषेतली स्तोत्रं गात रस्त्यावर उतरलेले दिसतात.

गरीब होते म्हणून नव्या धर्माकडे गेले, हे नेहमीचं स्पष्टीकरण डेव्हिसबाई नाकारतात. हे कामगार कसबी होते, वाचू शकत होते, आपल्या कामाचा त्यांना अभिमान होता. आपल्या भाषेत, एकत्र, मोठ्याने गाणं त्यांना भावलं. पुढे प्रॉटेस्टंट धर्ममंडळाने त्यांच्या गुप्त मंडळीवर बोट ठेवलं तेव्हा बरेच जण जुन्या चर्चकडे परतले. 'सोसायटी अँड कल्चर' या संग्रहातल्या शहरी बायकांवरच्या निबंधातही असाच हिशेब आहे. नव्या पंथात बायकांना पुरुषांबरोबर गायला मिळालं, बायबल वाचायला मिळालं, पण प्रवचनाला उभं राहायची परवानगी नाही. शिवाय संत स्त्रिया गेल्या आणि मठही गेले.

दंगलींवरचा निबंध एवढा का नावाजला गेला?

'द राइट्स ऑफ व्हायलन्स' (राइट्स म्हणजे इथे हक्क नव्हे, विधी) 1973 मध्ये आधी 'पास्ट अँड प्रेझेंट' या नियतकालिकात आला. त्याआधी धार्मिक दंगल म्हणजे पिसाळलेला जमाव किंवा भाकरी महागल्याचा राग, असं सांगून इतिहासकार मोकळे व्हायचे. डेव्हिसबाईंनी फ्रान्समधल्या कॅथलिक-प्रॉटेस्टंट दंगली एकेक करून तपासल्या. धान्याचे भाव आणि दंगलींच्या तारखा जुळत नाहीत. जुळतात त्या मिरवणुका, सण, प्रवचनं. जमाव न्यायाधीशाची नक्कल करतो, खोटा खटला भरतो. पाद्र्याची नक्कल करतो, शुद्धीकरण केल्यासारखं पाणी आणि आग वापरतो. प्रॉटेस्टंट जमावाचा रोख मूर्ती नि पवित्र वस्तूंवर जास्त, कॅथलिक जमावाचा माणसांच्या देहांवर. मारणाऱ्यांत अगदी वाया गेलेलेच होते असंही नाही, बरेचसे कारागीर आणि दुकानदार होते.

वाचताना अंगावर येतं, कारण यातलं काहीच आपल्याला परकं वाटत नाही. मात्र समजून घेणं म्हणजे समर्थन नव्हे, हे त्या शेवटी स्वच्छ लिहितात. हा निबंध दंगलीच्या दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राशेजारी ठेवून वाचावा.

गाढव, मुखवटे, टवाळखोर पोरं... हा इतिहासाचा विषय कसा?

'द रीझन्स ऑफ मिसरूल' वाचा. गावोगावी तरुण पोरांच्या टोळ्या असत, त्यांच्या म्होरक्याला 'मठाधिपती' वगैरे पदव्या. म्हाताऱ्या विधुराने कोवळ्या मुलीशी लग्न केलं की त्याच्या दारात भांडी बडवून रात्रभर गोंधळ, दारूचे पैसे मोजले की सुटका. बायकोचा मार खाणाऱ्या नवऱ्याची गाढवावर उलटं बसवून धिंड. बीडच्या विडा गावात धुळवडीला जावयाला गाढवावर बसवतात, ते ऐकून असलेल्याला यात नवल वाटणार नाही.

नवल आहे ते पुढे. अशी मोकळीक म्हणजे वाफ जाऊ द्यायची झडप, वर्षातून एकदा हसून घ्या आणि पुन्हा मुकाट कामाला लागा, असं म्हणण्याची पद्धत होती. डेव्हिसबाई म्हणतात, नेहमी नाही. शहरांत याच टोळ्या कारभाऱ्यांची, करांची, युद्धाची खिल्ली उडवू लागतात. 'विमेन ऑन टॉप' या जोडनिबंधात तर बाईचा वेष घालून दंगा करणारे पुरुष येतात. आर्तिगाच्याच टापूत, आरिएजमध्ये, 1829 नंतर जंगलावरचा हक्क काढून घेतल्यामुळे शेतकरी बायकांसारखे लांब पांढरे सदरे घालून जंगलरक्षकांवर चालून गेले होते.

माफीच्या अर्जांवर आख्खं पुस्तक?

हो, 'फिक्शन इन द आर्काइव्ह्ज', 1987. खून केलेला माणूस राजाकडे दयेचा अर्ज करायचा. तो सांगायचा, राजाच्या कचेरीतला लेखनिक लिहायचा, मग तो कागद घेऊन स्थानिक कोर्टापुढे खरा ठरवून घ्यावा लागायचा. म्हणजे गोष्ट अशी हवी की राजाला दया यावी आणि शेजाऱ्यांनी कोर्टात खोटी पाडू नये. त्यामुळे अर्जदार तपशील पेरतो. सणाचा दिवस होता, दारू झाली होती, आधी त्याने शिवी दिली. हातात सुरी कशी? पाव कापत होतो. रागाचा भडका उडाला, बेत असा काही नव्हता.

डेव्हिसबाई या गोष्टी खऱ्या की खोट्या याच्या मागे फारशा लागत नाहीत. त्या विचारतात, सोळाव्या शतकात विश्वास बसण्याजोगी गोष्ट कशी रचत होते? बायकांचे अर्ज कमी, कारण रागाच्या भरात मारलं ही सबब पुरुषाला शोभायची, बाईला नाही. त्यांच्या सगळ्या पुस्तकांत मला हे सगळ्यात धारदार वाटतं. ज्यांनी कधी पोलिसांत जबाब दिलाय किंवा कुणाचा लिहून घेतलाय, त्यांना ते जास्त कळेल.

'द गिफ्ट' हे भेटवस्तूंवरचं पुस्तक कंटाळवाणं आहे असं ऐकलं.

मधला काही भाग रेंगाळतो. पण 2000 सालचं हे पुस्तक सोडू नका. नव्या वर्षाच्या भेटी, पुस्तकाची अर्पणपत्रिका, न्यायाधीशाच्या घरी पोहोचलेली शिकार आणि दारू: भेट कुठे संपते आणि लाच कुठे सुरू होते? ज्ञान ही देवाची देणगी, ती विकायची कशी, म्हणून वैद्याला आणि शिक्षकाला पैसे 'भेट' म्हणून द्यायचे, हा प्रकार तर वाचण्यासारखाच. शेवटी मुद्दा धर्माशी येऊन भिडतो. देवाला काही अर्पण करून काही मिळवता येतं का? प्रॉटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिन म्हणतो, नाही, कृपा फुकट मिळते, तिची परतफेड नसते. मानववंशशास्त्रज्ञ मार्सेल मोसचा भेटींवरचा निबंध आधी चाळलात तर बरं, नसला तरी अडत नाही.

त्या फक्त फ्रान्सवरच लिहीत होत्या का?

नाही. 1995 च्या 'विमेन ऑन द मार्जिन्स'मध्ये सतराव्या शतकातल्या तीन बायका आहेत: हॅम्बुर्गची ज्यू व्यापारी ग्लिकल, लहान मुलाला मागे ठेवून फ्रान्समधल्या तूर शहराहून कॅनडातल्या क्युबेकला गेलेली जोगीण मारी द लांकार्नासियों, आणि सुरीनामच्या जंगलात जाऊन किड्यांची चित्रं काढणारी मारिया सिबिला मेरियान. 2006 च्या 'ट्रिकस्टर ट्रॅव्हल्स'मध्ये समुद्री चाच्यांनी 1518 मध्ये पकडून पोपला नजर केलेला, मोरोक्कोतल्या फेझचा अल-हसन अल-वझ्झान येतो. युरोप त्याला लिओ आफ्रिकानस म्हणून ओळखतो.

याच धाटणीचं आणखी काय वाचावं?

इटलीचे कार्लो गिंझबुर्ग यांचं 'द चीज अँड द वर्म्स', एका गिरणीवाल्याच्या धर्मविचारांवर. आणि एमान्युएल ल रुआ लादुरी यांचं 'मोंतायू', 1975 चं. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला झाक फुर्निए नावाच्या बिशपने एका डोंगराळ खेड्यातल्या लोकांच्या जबान्या घेतल्या, तो बिशप पुढे पोप झाला, आणि त्या जबान्यांची वही व्हॅटिकनमध्ये टिकून राहिली. त्यावर हे पुस्तक उभं आहे. मोंतायू आणि आर्तिगा दोन्ही आजच्या आरिएज जिल्ह्यात आहेत, तेव्हा एकदा काढलेला नकाशा दोन्ही पुस्तकांना पुरेल.